एकेचाळीस जबाब

यादी बासष्ट नावांची होती. तलाठ्याने ती गावदेवीच्या देवळाच्या भिंतीला खळीने चिकटवली आणि कोपऱ्यावर शिक्का मारला. वर लिहिले होते, ‘मासेविक्री बंदीमुळे बाधित मच्छीमार कुटुंबे’. बांधपाड्यात त्या वर्षी, म्हणजे १९९५ साली, चुली होत्या एकशे तीन.

बांधपाडा ही नेरुळला, सारसोळ्याच्या पुढे, खाडीच्या बांधाला लागून असलेली कोळ्यांची वस्ती. पाठीमागे सेक्टरच्या इमारती, समोर तिवरे आणि त्यापलीकडे चिखल. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे कॉलरा आला. नऊ दिवसांत एकोणतीस माणसांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांतली चार तिथेच गेली. नळाच्या पाण्याचे नमुने दूषित निघाले, तेव्हा नळ बंद करून टँकर सुरू झाला. त्याच आदेशाच्या दुसऱ्या परिच्छेदात खाडीतली मासळी एकवीस दिवस पकडायची नाही, विकायची नाही, असे म्हटले होते. मासळीचे नमुने कोणी घेतले नव्हते.

बंदी लागली नऊ तारखेला, शनिवारी. पुतळाबाई नेरुळच्या बाजारात नेहमीच्या जागी बसली होती. तिला आदेश ठाऊक नव्हता. तिच्या पाटीत दोन डझन चिंबोऱ्या होत्या, नांग्या बांधलेल्या, जिवंत. एक हवालदार आणि एक आरोग्य निरीक्षक रांगेने येत होते. निरीक्षकाने प्रत्येक पाटीत फिनेल ओतले. तुमच्याकडे बोट आहे का, परवाना आहे का, असे त्याने कोणत्याही बाईला विचारले नाही. चिंबोऱ्या त्यानंतरही बराच वेळ हलत होत्या.

पुतळाबाईकडे बोट नव्हती. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर जात असे. तो वारल्याला पंधरा वर्षे झाली होती. मुलगा धनेश कळंबोलीला ट्रकवर क्लीनर होता, दोन वर्षांपूर्वी ट्रक मागे घेताना चाकाखाली सापडला. घरात आता ती, सून काशी आणि पाच वर्षांची नात हेतल. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचे, बिळात लोखंडी आकडी घालून चिंबोरी ओढायची, दगडावरची कालवे फोडायची आणि दुपारी बाजारात बसायचे. वस्तीतल्या एकेचाळीस चुली अशाच चालत. त्यांतल्या निम्म्या विधवांच्या होत्या. काशीला पाच तारखेला कॉलरा झाला आणि अकराला ती घरी आली. भिंतीला धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हते. डॉक्टरांनी तिला मऊ भात आणि वरणाचे पाणी सांगितले होते.

चौदा तारखेला धान्याचा ट्रक आला. यादीतल्या प्रत्येक नावाला वीस किलो तांदूळ आणि पाच किलो तूरडाळ. नाव पुकारले की माणूस पुढे येई, छापील पावतीवर सही किंवा अंगठा देई आणि पोते उचली. पावतीवर एकच वाक्य होते, ‘सदर धान्य माझ्या कुटुंबाच्या वापरासाठी मिळाले व त्याची इतरत्र विल्हेवाट लावणार नाही.’ ते कोणी वाचले नाही आणि कोणी वाचून दाखवले नाही.

त्यानंतर जे झाले ते कोणी ठरवून केले नाही. त्याची नोंदही कुठे नाही. बासष्ट माणसे पोती घरी घेऊन गेली नाहीत. त्यांनी ती देवळासमोरच्या अंगणात आणून ठेवली, ताडपत्री पसरून तिच्यावर रिकामी केली आणि गावकीच्या पायलीने एकशे तीन वाटे घातले. एका चुलीला तीन किलो डाळ, बारा किलो तांदूळ आणि वर एक मूठ.

बांधपाड्याची रीत अशी होती. उधाणाला खाडीच्या तोंडाशी गावकीचे मोठे जाळे लागे. त्याची मासळी चुलीप्रमाणे वाटली जाई. बोटवाला, त्याच्या बोटीवरचा खलाशी, विधवा, सगळ्यांना सारखी. विधवेला अर्धा वाटा पुरे, असे कोणी सुचवले असते तर लोक हसले असते. वस्तीच्या नावाने जे येते ते चुलींचे, मग ते पाण्यातून येवो की ट्रकमधून. गावकीचा अध्यक्ष दादू यादीत पहिल्या क्रमांकावर होता. त्याने आपले पोते सगळ्यांत आधी ओतले. पुतळाबाईने पदर पसरला नाही की आभार मानले नाहीत. तिने आपला वाटा टोपात घेतला आणि घरी जाऊन भात टाकला.

अरुणा साळुंखे वस्तीत आली ती सोळा तारखेला, क्लोरीनच्या गोळ्या वाटणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर. वय सत्तावीस. बेलापूरला एका वकिलाकडे टायपिस्ट. वडील मानसिंग साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. टँकरच्या रांगेतल्या बायकांना तिने भिंतीवरची यादी वाचून दाखवली आणि यात तुमच्यापैकी कोण कोण आहे, असे विचारले. कोणीच नव्हते.

रंगूबाई नावाची एक चिंबोरीवाली म्हणाली, “आमचं नाव बोटीवर नाय, यादीत नाय. मेल्यावर तरी लिवतील, का तवा पन परवाना मागतील?”

रांग हसली. अरुणा हसली नाही. तिने वही काढली आणि एकेकीला विचारत गेली. सरकारकडून तुम्हाला काही मिळालं का? प्रत्येकीने नाही म्हणून सांगितले. त्या खोटे बोलत नव्हत्या. सरकारने बासष्टांना दिले होते आणि त्यांना दिले होते गावकीने. गावकीबद्दल अरुणाने विचारले नाही, कारण तिला ते माहीत नव्हते. आणि जेवणाआधी हात धुतले हे जसे कोणी मुद्दाम सांगत नाही तसे ते त्यांनीही सांगितले नाही.

पुतळाबाई आधी या भानगडीत पडायला तयार नव्हती. काशीजवळ बसायला कोणी नव्हते. पण बारा किलोंत तीन माणसे किती दिवस काढणार याचा हिशेब तिने केला होता आणि बंदी संपायच्या आधी तांदूळ संपत होता. शिवाय अरुणाने आदेशाचा कागद वाचून त्याचा अर्थ सांगितला. बंदी सगळ्यांवर आहे आणि मदत बोटवाल्यांना आहे. त्यावर पुतळाबाईला फिनेल आठवले. ती म्हणाली, “पोरी, असं हाय काय? मग येते मी.”

त्या रात्री जेवताना अरुणाने पुढे काय करावे ते वडिलांना विचारले. मानसिंगने माथाडींचे मोर्चे पाहिले होते आणि लाठ्याही खाल्ल्या होत्या. त्याचा सल्ला थोडक्यात होता. “गेल्या गेल्या निवेदन देऊ नगा. साहेब निवेदन घेतो, च्या पाजतो आन् वाटंला लावतो. आदी बसा. दारात बसा, पर वाट अडवू नगा. वाट अडवली की पोलिस येतो. बाजूला बसलं की त्येंस्नी लाज येती.”

सोमवारी, अठरा तारखेला, अडतीस बायका तहसील कचेरीच्या पायऱ्यांच्या कडेला जाऊन बसल्या. प्रत्येकीपुढे रिकामी पाटी उपडी ठेवलेली. घोषणा नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट होती, पण पाट्यांना वर्षानुवर्षांचा वास होता. मंगळवारी एका कारकुनाने नाकाला रुमाल लावून खिडकी बंद केली.

“बंद करा भाऊ, बंद करा,” रंगूबाई खालून म्हणाली. “वास मच्छीमारांचा येतो. आमी मच्छीमार नाय, तुमीच लिवलंय.”

आतले दोन कारकून हसले. बुधवारी त्यांतल्या एकाने शिपायाकरवी पाणी पाठवले. गुरुवारी दुपारी नायब तहसीलदारांनी पाच जणींना आत बोलावले.

नायब तहसीलदार विश्वजित घाटगे तिशीतले होते, नेमणूक होऊन आठ महिने झालेले. त्यांनी सगळ्यांना बसायला खुर्च्या मागवल्या. अरुणाचे गाव विचारले. ते त्यांच्या गावाच्या शेजारच्याच तालुक्यातले निघाले, तेव्हा ते थोडे मोकळे झाले. त्यांचे म्हणणे असे की, शासन निर्णयात ‘बाधित कुटुंब’ एवढेच शब्द आहेत. वेळ नव्हता म्हणून मत्स्य खात्याकडची बोटींची यादी घेतली गेली. या बायका मच्छीमार आहेत याला कागदोपत्री आधार काय, हा खरा प्रश्न आहे.

पुतळाबाई खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, “साहेब, माझ्या पाटीत फिनेल वतलं ना, तवा मी कोन होती? बंदीच्या टायमाला आमी मच्छीमार, न तांदलाच्या टायमाला कोन नाय?”

घाटग्यांनी पेन उघडले. मग त्यांनी ते वाक्य समोरच्या कागदावर लिहून घेतले. ते पुढे टिपणीतही आले, भाषा सुधारून. त्यांनी सांगितले की शनिवारी आपण स्वतः वस्तीत येऊन पंचनामा करू. प्रत्येक चुलीचा लेखी जबाब लागेल, त्यात आजवर कोणतीही शासकीय मदत मिळालेली नाही असे नमूद असावे. तेवढे झाले की एकेचाळीस नावे यादीला जोडता येतील, केवळ या वेळेपुरती नाही, कायमची. पुढे वादळ आले, तेल सांडले, काहीही झाले तरी ही नावे यादीत राहतील.

बाहेर आल्यावर बायकांनी पाट्या सरळ केल्या. जाताना रंगूबाईने बंद खिडकीखाली उभे राहून, आता उघडा, आमी चाललो, असे सांगितले.

अरुणाने शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आणि ऑफिस सुटल्यावर एकेचाळीस जबाब टाइप केले, कार्बन लावून. मजकूर एकच होता, फक्त नाव आणि वय बदलत होते. शनिवारी सकाळी तिने ते वस्तीत नेऊन अंगठे घेतले. वाचून दाखवायला वेळ नव्हता. प्रत्येकीला तिने सांगितले की, तुम्ही मला जे सांगितलंत तेच लिहिलं आहे. तिच्या समजुतीप्रमाणे ते खरे होते.

अकराच्या सुमारास घाटगे तलाठ्याला घेऊन आले. देवळासमोर टेबल मांडले होते. गावकीचे पंच, बोटवाले, बायका, सगळे जमले होते. दादूने साहेबांना नारळपाणी दिले. त्यालाही या कामाचे अप्रूप होते. गावातल्या बायकांनी सरकारला वस्तीपर्यंत आणले होते.

घाटग्यांनी पहिला जबाब उचलला. तो पुतळाबाईचा होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला. मी अमुक, वय बावन्न, खाडीतील खेकडे व कालवे हाताने पकडून विकण्याचा व्यवसाय करते. बंदीच्या काळात मला व माझ्या कुटुंबाला आजपर्यंत कोणतीही मदत मिळालेली नाही व आमच्या घरात धान्य नाही.

ऐकणाऱ्या पुरुषांत चुळबुळ झाली. मागून कोणीतरी म्हणाले, “मग आमी काय वाटलं? माती?”

घाटग्यांनी मान वर केली. काय वाटलं, असे त्यांनी विचारले. दादू पुढे झाला. त्याला लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. उलट साहेबांना आपल्या गावची रीत कळावी असेच वाटत होते. त्याने सगळे सांगितले. ताडपत्री, पायली, एकशे तीन वाटे, बारा किलो आणि वर मूठ. सांगताना त्याने देवळाची पायरीसुद्धा दाखवली, जिच्यावर तो स्वतः उभा होता.

घाटग्यांनी पेन टोपण लावून टेबलावर ठेवले. तलाठ्याने फायलीतून बासष्ट पावत्यांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढे सरकवला. घाटग्यांनी वरच्या पावतीवरचे वाक्य वाचले, या वेळी मनात. मग त्यांनी आवाज न चढवता परिस्थिती समजावून सांगितली. बासष्ट जणांनी इतरत्र विल्हेवाट लावणार नाही असे लिहून दिले आणि लावली. एकेचाळीस जणींनी काही मिळाले नाही असे लिहून दिले आणि मिळाले आहे. आपल्याला कोणावर काही कारवाई करायची नाही. पण मिळाले असेल तर ती बाधित राहात नाही. तिच्यापर्यंत मदत पोचली.

अरुणाने प्रयत्न केला. ती म्हणाली की हे धान्य सरकारने यांना दिलेलं नाही, आणि दिलं तेही अर्धंमुर्धं. घाटगे म्हणाले की धान्य सरकारचेच आहे, घरात आले आहे, आणि अर्धे का असेना ते शून्य नाही. नियमाला अर्धे कळत नाही. नंतर त्यांनी, बहुधा त्या लिहून घेतलेल्या वाक्याला स्मरून, एक वाट दाखवली.

“पुतळाबाई, नीट ऐका. ते धान्य तुम्ही त्यांच्याकडून उसनं घेतलं असेल, परत करायच्या बोलीवर, तर ती वेगळी गोष्ट होते. मग मदत त्यांचीच राहते आणि तुमच्यावर उलट देणं होतं. तसं असेल तर जबाबात एक ओळ वाढवू. एकीने सांगितलं तरी बाकीच्यांचं तसंच धरता येईल.”

अरुणा पुतळाबाईच्या कानाशी वाकली. “मावशी, उसनं म्हणा. एवढंच म्हणा. टेन्शन नका घेऊ, परत कोणी मागणार नाहीये.”

चाळीस बायका तिच्याकडे पाहात होत्या. दादूही पाहात होता. तो म्हण किंवा म्हणू नको असे काहीच म्हणाला नाही. पुतळाबाईच्या घरी टोपात पाच-सहा दिवसांचा तांदूळ उरला होता. काशी त्या सकाळी पहिल्यांदाच भिंत न धरता दारापर्यंत आली होती. आणि पुतळाबाई पस्तीस वर्षांपूर्वी या वस्तीत लग्न करून आली तेव्हापासून प्रत्येक उधाणाला तिच्या चुलीचा वाटा पडत आला होता. नवरा गेला त्या महिन्यातही पडला, धनेश गेला त्या आठवड्यातही. जिच्याकडे चूल आहे तिला उसने देत नाहीत. उसने मागणारी दुसऱ्याच्या दारात उभी असते.

“नाय साहेब,” ती म्हणाली. “वाटा हाय तो. माझ्या चुलीचा. वाटा उसना नसतो.”

मागे उभ्या असलेल्या बोटवाल्यांपैकी दोघा-तिघांनी माना डोलावल्या. दादूने खाकरून घसा साफ केला. रंगूबाई कपाळाला हात लावून खाली बसली.

घाटग्यांनी पंचनाम्यात लिहिले की, वस्तीतील सर्व कुटुंबांपर्यंत मदत पोचली असल्याचे आढळून आले. एकेचाळीस जबाब त्यांनी फायलीत न लावता अरुणाला परत केले, म्हणजे खोटे लिहून दिल्याचा ठपका कोणावर येणार नाही. उठताना त्यांनी बासष्ट जणांना उद्देशून सांगितले की, अठ्ठावीसला दुसरा हप्ता येईल. त्या वेळी पावती वाचून सही करा. पुन्हा वाटल्याचे कानावर आले तर नाव कमी होईल आणि आधीच्या धान्याची वसुलीही निघू शकेल. हे त्यांनी धमकीसारखे म्हटले नाही. त्यांना खरोखर त्या माणसांची काळजी वाटत असावी.

पुढचे चार दिवस टँकरच्या रांगेत पुतळाबाईशी फारसे कोणी बोलले नाही. विमलबाई नावाची शेजारीण, जिच्या घरात सहा तोंडे होती, तेवढी बोलली. “एक शब्द होता गो. तुझ्या तोंडातनं एक शब्द नाय निघाला.” पुतळाबाईने हंडा टँकरच्या नळाखाली सरकवला. बोटवाल्यांच्या बायका मात्र मुद्दाम थांबून काशीची चौकशी करत.

अठ्ठावीसला ट्रक आला. या वेळी कारकुनाने प्रत्येक पावती मोठ्याने वाचली. बासष्ट वेळा तेच वाक्य. दादूचे नाव पहिले होते. त्याने सही केली आणि पोते उचलले. देवळाच्या अंगणातून जावे लागते, तिथे तो क्षणभर थांबला. मागे रांग होती. मग तो पोते घेऊन घरी गेला. दुसऱ्या माणसाने पहिल्याला पाहिले, तिसऱ्याने दुसऱ्याला. तिन्हीसांजेपर्यंत अंगणात कोणी ताडपत्री आणली नाही. पुतळाबाई देवळाच्या पायरीवर टोप घेऊन बसली होती. गावदेवीचा दिवा लावायला आलेल्या दादूच्या बायकोने तिला पाहिले आणि दिवा लावून ती दुसऱ्या बाजूने गेली.

दुसऱ्या दिवशी बंदी आणखी एका आठवड्याने वाढल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी अरुणा ऑफिसातून अर्धी रजा टाकून वस्तीत आली. ती पुतळाबाईच्या दारात बसली. तिने पिशवीतून परत मिळालेले एकेचाळीस जबाब काढले. तारखेची जागा खोडून नवी तारीख घातली होती आणि ‘आजपर्यंत’च्या जागी ‘दुसऱ्या हप्त्यात’ असे केले होते.

“मावशी, कालच्या हप्त्यातलं तुम्हाला काही मिळालं?”

“नाय.”

“कोणालाच नाही?”

“कोनालाच नाय.”

“मग आता हे खरं आहे,” अरुणा म्हणाली. “शब्दन् शब्द. आता कोणी काही काढू शकत नाही यातून.”

तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण घाई होती. टोपात दोन मुठी तांदूळ होता आणि हेतल भिंतीला टेकून झोपली होती. पुतळाबाईने विचारले, आता तरी वाचून दाखवशील काय? अरुणाने वाचून दाखवले. पुतळाबाईने शेवटपर्यंत ऐकले आणि मग शाईच्या डबीवर अंगठा टेकला. संध्याकाळपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस अंगठे झाले. या वेळी रंगूबाईने विनोद केला नाही.

घाटग्यांनी शब्द पाळला. दोन ऑक्टोबरची सुट्टी मध्ये असूनही त्यांनी प्रस्ताव दोन दिवसांत वर पाठवला आणि स्वतः पाठपुरावा केला. चार तारखेला तिसरा ट्रक आला, फक्त एकेचाळीस पोत्यांचा. भिंतीवर पुरवणी यादी लागली. शीर्षक होते, ‘हाताने मासळी पकडणारी मच्छीमार कुटुंबे’. क्रमांक एकवर पुतळाबाईचे नाव होते. वीस किलो तांदूळ आणि पाच किलो डाळ, वाट्यापेक्षा पुष्कळ जास्त. काशीने त्या दिवशी दोनदा जेवण केले. मुंबईच्या एका दैनिकात आतल्या पानावर बातमी आली, सात ओळींची. लढ्याला यश, असे तिच्या मथळ्याचे शब्द होते. अरुणाने ती कापून वडिलांना दाखवली. मानसिंगने चष्मा लावून दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच तिला विचारले की, आता तिथली माणसं एकमेकांशी कशी आहेत? अरुणा म्हणाली, ठीक आहेत.

बंदी सात तारखेला उठली. दुसऱ्याच दिवशी कोजागिरी होती, त्यामुळे उधाण मोठे होते. दहा तारखेला गावकीचे जाळे लागले आणि उतरत्या पाण्याबरोबर ते ओढून घेतले गेले. महिनाभर खाडीत कोणी उतरले नव्हते, म्हणून मासळी अमाप होती. बोय, कोलंबी आणि हाताएवढे जिताडे. पुतळाबाई पाटी घेऊन बांधावर आली तेव्हा वाटे घालायला सुरुवात झाली होती. तिच्यामागून विमलबाई आणि आणखी चार-पाच जणी येत होत्या.

दादू वाट्यांवर उभा होता. तो तिला येताना पाहून दोन पावले पुढे आला, म्हणजे बाकीच्यांसमोर बोलावे लागणार नाही.

“वयनी, काल गावकी बसली हुती,” तो म्हणाला. “पोरं बोलली, बायांची यादी आता वेगली झाली. सरकारनं त्यांना त्यांचं दिलं, त्यांनी आमाला त्यातलं काय दिलं? चार तारखेला एका पन बाईनं पोतं सोडलं नाय. मी काय बोलू?”

हे खरे होते. चार तारखेला देवळाच्या अंगणातून एकेचाळीस पोती गेली होती आणि एकही थांबले नव्हते. पुतळाबाईचेही नाही. तिने पावती वाचून घेतली होती.

“तुमी आदी नेलंत घरला, भावजी,” ती म्हणाली. “आमी नंतर.”

“आमाला वसुलीची भीती घातली हुती.”

“आमाला पन तोच कागद हुता.”

दादूने खाडीकडे पाहिले. मागे पोरे जिताडे उचलून वाट्यांवर टाकत होती आणि एकमेकांना मोठा कोणाला पडला म्हणून चिडवत होती. तो खालच्या आवाजात बोलला.

“तवा साहेबानं विचारलं, तवा उसना बोलली असतीस तर बरं झालं असतं. एक शब्द. परत मागितला नसता कोनी.”

पुतळाबाई त्याच्या तोंडाकडे पाहात राहिली. त्या शनिवारी देवळासमोर ती जे म्हणाली, ज्यावर मागच्या माणसांनी माना डोलावल्या आणि याने घसा साफ केला, ते तिने याच माणसासाठी, त्याच्या ताडपत्रीसाठी म्हटले होते, असे तिला वाटत आले होते. विमलबाई मागे येऊन थांबली आणि काय झालं गो, म्हणून विचारू लागली. पुतळाबाईने तिला सांगितले की, आज वाटा नाय. मग ती बांधाच्या दुसऱ्या बाजूने खाली उतरली. तिकडे अजून पाणी ओसरत होते आणि बिळे दिसायला तासभर होता.